कुरकुर आणि तक्रार

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे प्रसिद्ध आहेत. एक चांदूर बाजार व दुसरे चांदूर रेल्वे. सारख्या नावांमुळे घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येक गावाला एकेक खूण जोडली गेली. एकाची खूण बाजार, तर दुसऱ्याची आगगाडी. मुंबईकडून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. त्याच मार्गावर बडनेरा आणि वर्धा यांच्यामध्ये हे दुसरे चांदूर वसलेले आहे. येथून जाणारा मार्ग पुढे छत्तीसगड, ओडिशा आणि झारखंड ओलांडून थेट बंगालमधील हावड्यापर्यंत जातो. चांदूरच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसासमोर अशा रीतीने अनेक भाषांचा, अनेक चवींचा आणि अनेक चालीरीतींचा देश पसरलेला असतो.

असा माणूस गाडीत बसून दूर गेला, की काही तासांतच तो परका होतो. त्याची भाषा कोणाला कळत नाही. त्याच्या ओळखीची भाकरी ताटात दिसत नाही. खानावळीत त्याला ताटकळावे लागते; कोणी त्याच्याशी तुसडेपणाने बोलते; पैसे पुरते घेऊन काम मात्र अर्धवट केले जाते. अशा वेळी त्याने काय करावे? परमुलखात आलो आहोत, असे म्हणून मुकाट्याने सोसावे, की आपली तक्रार मांडावी?

या प्रश्नावर दोन मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, 'देश तसा वेश. पाहुण्याने यजमानाच्या घरात खोड काढू नये. जे मिळेल ते गोड मानून घ्यावे.' दुसरे म्हणतात, 'पाहुणा कसला? त्याने रोख दाम मोजले आहेत. दाम पुरते दिले, तर काम पुरते मिळालेच पाहिजे. रडल्याशिवाय आईही दूध पाजत नाही.' दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे. परंतु दोन्ही अपुरी आहेत. पहिल्या मताचा माणूस अन्यायही रीत समजून गिळतो. दुसऱ्या मताचा माणूस परक्या रीतीलाच अन्याय समजून भांडत सुटतो.

समजा, चांदूरचा एक गृहस्थ कोलकात्यास गेला. तेथे त्याच्यासमोर भात आणि माशाची आमटी आली. पहिल्याच घासाला तेलाचा उग्र वास त्याच्या नाकात शिरला. 'तेल खराब झाले आहे,' असे म्हणून त्याने ताट सरकवले आणि खानावळीच्या मालकाला चार शब्द सुनावले. वस्तुतः तेल उत्तम होते. ते मोहरीचे होते. ज्या वासाने वऱ्हाडी माणसाचे डोळे पाणावतात, त्याच वासाने बंगाली माणसाची भूक चाळवते. या गृहस्थाची तक्रार खोटी नव्हती, कारण त्याला खरोखरच त्रास झाला होता. पण ती अनाठायी होती. आता समजा, त्याच ताटातील भात आदल्या दिवशीचा आणि आंबलेला होता. शिळे अन्न ताजे म्हणून विकणे ही बंगालची रीत नाही, आणि जगात कोठेच नाही. ती निव्वळ हयगय होय. तिच्याविषयी त्याने अवश्य बोलावे. मोहरीचे तेल आणि शिळा भात एकाच ताटात असू शकतात. रीत कोणती आणि हयगय कोणती, हे ओळखणे हेच प्रवाशाचे पहिले काम.

हीच गोष्ट उलट बाजूने पाहावी. वऱ्हाडात आलेल्या परमुलखातील पाहुण्याला हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला, तर त्याच्या कानातून धूर निघेल. स्वयंपाक बिघडला, असे त्याला वाटेल. पुण्याकडचा कोणी प्रवासी वऱ्हाडातील एखाद्या स्थानकावर उतरला आणि समोरच्या माणसाने 'काहून बाप्पा, कुठी चालले?' असे विचारले, तर आपली उलटतपासणी चालली आहे, असा त्याचा समज होईल. परंतु 'काहून' हा वऱ्हाडी बोलीतील 'का' आहे, आणि त्या प्रश्नात चौकशीपेक्षा आपुलकीच अधिक आहे. कदाचित विचारणारा लगेच वाटही दाखवील आणि पिशवीही उचलून देईल. शब्दांचा बाज ओळखता आला नाही, म्हणजे मायेचा शब्दही उद्धट वाटू लागतो.

जगभर असेच आहे. जपानमध्ये उपाहारगृहातील सेवकाला वरकड बक्षिसी देण्याची रीत नाही. कोणी मेजावर पैसे ठेवून निघाला, तर ते विसरले असे समजून सेवक ते परत देण्यासाठी मागे येतो. अमेरिकेत याच्या उलट, वाढणाऱ्या नोकराची मिळकत पुष्कळ अंशी गिऱ्हाइकाच्या बक्षिसीवर अवलंबून असते. तेथे काही न ठेवता उठणारा माणूस कृपण ठरतो. फ्रान्समध्ये दुकानात शिरल्यावर प्रथम दुकानदाराला अभिवादन करावयाचे असते. ते न करता एकदम वस्तूची किंमत विचारणाऱ्या प्रवाशाला थंड उत्तर मिळते, आणि मग तो 'येथील दुकानदार उर्मट आहेत,' असे सांगत घरी येतो. उर्मटपणाची सुरुवात आपल्याकडूनच झाली, हे त्याच्या गावीही नसते. म्हणून तक्रारीचा शब्द ओठावर येण्यापूर्वी त्याने एक प्रश्न कोणाला तरी नम्रपणे विचारावा : 'येथे असेच करतात काय?' पुष्कळ तक्रारी या एका प्रश्नाच्या उत्तरानेच मिटतात.

ज्या मिटत नाहीत, त्यांचे काय करावे? येथे मराठी भाषाच वाट दाखविते. मराठीत कुरकुर, कागाळी आणि तक्रार असे तीन वेगवेगळे शब्द आहेत. ज्याच्या हाती काहीच नाही, अशा माणसापुढे आपले रडगाणे गाणे म्हणजे कुरकुर. एखाद्याला शिक्षा व्हावी, या हेतूने त्याच्या वरिष्ठाकडे केलेली चहाडी म्हणजे कागाळी. आणि चूक दुरुस्त व्हावी म्हणून, ती दुरुस्त करण्याचा ज्याला अधिकार आहे त्याला ती नीट सांगणे, म्हणजे तक्रार. कुरकुरीने सहप्रवाशांचा दिवस नासतो, कागाळीने एखाद्याची भाकर जाते. तक्रारीने मात्र मागून येणाऱ्याची वाट सुधारते.

तक्रार कशी असावी, याचा धडा एका तरुण वकिलाच्या प्रवासातून घेता येतो. १८९३ च्या जून महिन्यात तेवीस वर्षांचे मोहनदास गांधी दक्षिण आफ्रिकेत दरबानहून प्रिटोरियाला निघाले होते. त्यांच्याजवळ पहिल्या वर्गाचे तिकीट होते. तरीही एका गोऱ्या उतारूने हरकत घेतली, म्हणून पीटरमॅरिट्सबर्ग स्थानकावर त्यांना डब्यातून ढकलून उतरविण्यात आले. कडाक्याच्या थंडीत त्यांनी ती रात्र स्थानकात काढली. सकाळी त्यांनी रेल्वेच्या सर्वाधिकाऱ्याला लांबलचक तार केली. त्या अधिकाऱ्याने आपल्या माणसांचीच बाजू घेतली. परंतु गांधींना मुक्कामावर सुखरूप पोहोचविण्याची सूचना स्टेशनमास्तरला दिली असल्याचेही कळविले. पुढे जोहान्सबर्गला गांधींनी रेल्वेचे नियम मागवून ते वाचून काढले, आणि पहिल्या वर्गाच्या तिकिटासाठी स्टेशनमास्तरला रीतसर चिठ्ठी लिहिली. तिकीट मिळाले. वाटेत गार्डाने पुन्हा तिसऱ्या वर्गात जाण्यास फर्माविले, तेव्हा डब्यातील एक इंग्रज उतारूच गार्डावर रागावला. या गृहस्थाजवळ पहिल्या वर्गाचे तिकीट आहे, आणि त्यांच्या सोबतीला आपली काहीच हरकत नाही, असे त्याने बजावले.

या प्रसंगांतून तीन गोष्टी दिसतात. गांधींनी ढकलणाऱ्या शिपायाशी मारामारी केली नाही. अधिकार असलेल्या माणसाला गाठले. त्यांनी केवळ संताप व्यक्त केला नाही. नियम वाचला आणि त्याच्या आधारे मागणी केली. आणि ज्या प्रवासात एका गोऱ्याने त्यांना उतरविले, त्याच प्रवासात दुसरा गोरा त्यांच्या बाजूने उभा राहिला. शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरे. पण एका माणसावरून देशाची परीक्षा होत नाही. तक्रार कृत्याविषयी असावी. ती साऱ्या लोकांविषयी होऊ लागली, की ओल्याबरोबर सुकेही जळते.

हेच गांधीजी पुढे हिंदुस्थानात परतले आणि तिसऱ्या वर्गाने प्रवास करू लागले. १९१७ साली त्यांनी त्या वर्गाच्या उतारूंच्या हालांविषयी लिहिले. डब्यांतील खच्चून भरलेली गर्दी आणि घाणेरडे संडास यांबद्दल त्यांनी रेल्वेला दोष दिला. परंतु डब्यात थुंकणाऱ्या आणि कचरा टाकणाऱ्या उतारूंनाही त्यांनी सोडले नाही. ज्याला दुसऱ्याचा दोष दाखवावयाचा आहे, त्याने आपला दोष झाकून ठेवता कामा नये. याच गांधीजींचा सेवाग्राम आश्रम चांदूरच्या पुढे वर्ध्याजवळ, याच लोहमार्गाच्या परिसरात आहे.

आता प्रश्नाचा अवघड भाग येतो. परमुलखातील रीत मानावी, हे खरे. पण ज्या रीतीने माणसाचा माणूस म्हणून अपमान होतो, तीही मानावी काय? १९०१ सालची गोष्ट आहे. सुमारे दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर भावासह आणि बहिणीच्या मुलांसह वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून गोरेगावला निघाले होते. मसूर स्थानकावर ती मुले उतरली. निरोप वेळेवर न पोहोचल्यामुळे त्यांना न्यायला कोणी आले नव्हते. मुलांचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरने प्रथम मायेने चौकशी केली. परंतु ती मुले अस्पृश्य मानलेल्या जातीची आहेत, हे कळताच त्याचा चेहरा पालटला आणि तो दूर झाला. एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले. शिवाय गाडी मुलांनीच हाकावयाची आणि गाडीवानाने बाजूने चालावयाचे, अशीही अट होती. जवळ जेवण होते, पण त्या रात्री त्यांना प्यावयाला पाणी मिळाले नाही. ती मुले उपाशीच झोपली.

ही मुले परदेशात नव्हती. ती स्वतःच्याच मुलखात, स्वतःच्याच भाषेत बोलत प्रवास करीत होती. तरीही त्यांना परके ठरविण्यात आले. गाडीवानाला विचारले असते, तर 'आमच्याकडची ही रीतच आहे,' असेच उत्तर मिळाले असते. मोहरीचे तेल हीही रीत आणि तहानलेल्या मुलाला पाणी नाकारणे हीही रीतच. पण या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या रीतीमुळे प्रवाशाची केवळ सवय मोडते, दुसरीमुळे त्याची माणुसकी नाकारली जाते. पहिलीशी जुळवून घेणे हे सौजन्य होय. दुसरीशी जुळवून घेतले, तर तीच वेळ मागून येणाऱ्या मुलावर येते.

डॉ. आंबेडकरांनी पुढे हा प्रसंग लिहून ठेवला. त्यांची तक्रार एका गाडीवानापुरती राहिली नाही. १९२७ साली त्यांनी महाड येथे हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. आणि ज्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, तिच्या पंधराव्या अनुच्छेदात आज स्पष्ट लिहिलेले आहे, की दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी आणि रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला आडकाठी करता येणार नाही. जन्मस्थान हा शब्द प्रवाशाने विशेष ध्यानात ठेवावा. कोठून आलास, या कारणावरून या देशात कोणालाही पाणी नाकारता येत नाही.

तथापि प्रत्येक गैरसोय म्हणजे अपमान नव्हे, आणि समोर दिसणारा माणूस हाच नेहमी दोषी असतो असेही नव्हे. गाडी चार तास उशिरा आली, तर चहा विकणाऱ्या पोराने ती उशिरा आणलेली नसते. खानावळीत वाढप्याला वेळ लागला, तर कदाचित चार माणसांचे काम मालकाने त्याच्या एकट्याच्या अंगावर टाकलेले असते. परमुलखातील प्रवासी उद्या निघून जातो; तो वाढपी मात्र तेथेच राहतो. रागाच्या भरात केलेल्या कागाळीने त्याची नोकरी गेली, तर प्रवाशाला ते कळणारही नाही. पण त्याच्या घरची चूल त्या दिवशी पेटणार नाही. म्हणून व्यवस्थेतील दोष व्यवस्था पाहणाऱ्यालाच सांगावा, आणि ज्याचे हात रिकामे आहेत, त्याच्यावर तोंडसुख घेऊ नये.

तक्रार लिहिण्याचीही एक पद्धत आहे. रेल्वे स्थानकावर तक्रारवही ठेवलेली असते आणि रेल्वेच्या १३९ या क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते. समजा, एखाद्या स्थानकावर पाण्याच्या तोट्या कोरड्या पडल्या आहेत. एक प्रवासी वहीत लिहितो, 'येथील लोक आळशी आहेत. येथे पुन्हा कधी येणार नाही.' दुसरा लिहितो, 'आज सकाळी आठ वाजता दुसऱ्या फलाटावरील एकाही तोटीला पाणी नव्हते. उतारूंत लहान मुले आणि वृद्ध होते. कृपया दुपारच्या गाडीपूर्वी पाण्याची सोय व्हावी.' पहिल्याचे वाचून अधिकाऱ्याला राग येईल आणि करण्याजोगे काहीच सापडणार नाही. दुसऱ्याचे वाचून दुरुस्तीसाठी माणूस पाठविता येईल. दिवस, वेळ, जागा, घडलेली गोष्ट आणि अपेक्षा, एवढे लिहिले म्हणजे तक्रार पुरी होते. शिव्याशापांनी तिचे वजन वाढत नाही, उलट घटते. आणि एखाद्याने चांगली सेवा दिली असेल, तर तीही लिहावयास विसरू नये. नुसते दोष लिहिणाऱ्याच्या शब्दाला किंमत राहत नाही.

याच जिल्ह्याच्या एका सुपुत्राने तर याहून पुढची वाट दाखविली. १८७६ साली शेंडगाव येथे जन्मलेले गाडगेबाबा आयुष्यभर गावोगाव फिरले. त्यांच्यासारखा प्रवासी विरळाच. परक्या गावात शिरले, की गलिच्छ रस्ता त्यांच्याही नजरेस पडे. ते हातातील खराटा घेत आणि रस्ता झाडू लागत. रात्री मात्र कीर्तनात उभे राहून, अस्वच्छता, दारू, कर्ज आणि शिवाशीव यांबद्दल त्याच गावाला ते खडे प्रश्न विचारीत. गाव परके आहे, म्हणून ते गप्प बसले नाहीत. आणि दिवसा झाडल्यावाचून रात्री बोललेही नाहीत. त्यांचे बोलणे लोकांना झोंबत असे, तरी लोक ते ऐकून घेत. कारण बोलणाऱ्याच्या हातात खराटा होता. प्रत्येक प्रवाशाला गाडगेबाबा होता येणार नाही. पण बाकावर पडलेले आपल्या शेजारचे कागद उचलून मग स्वच्छतेची तक्रार लिहिणे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.

'एकट्याच्या तक्रारीने काय होणार?' असे म्हणून पुष्कळ जण गप्प बसतात. प्रवाशाला त्या तक्रारीचे फळ बहुधा पाहावयास मिळत नाही, हे खरे आहे. तोटी दुरुस्त होईल, तेव्हा तो शेकडो कोस दूर गेलेला असेल. तिचे पाणी दुसराच कोणी पिईल. पण त्याला आज ज्या सावलीत उभे राहावयास मिळाले, ते झाडही कोणी दुसऱ्यानेच लावले होते.

प्रवाशाच्या या कर्तव्याबरोबर यजमानाचेही एक कर्तव्य आहे. चांदूरच्या फलाटावरून जसे वऱ्हाडातील लोक दूर जातात, तसे दूरचे लोक येथे उतरतातही. त्यांतल्या एखाद्याला मराठी येत नाही. त्याला ठेचा सोसत नाही, 'काहून' समजत नाही आणि रिक्षाचे योग्य भाडे ठाऊक नसते. तो मोडक्यातोडक्या शब्दांत काही सांगू लागला, तर 'आमच्याकडे असेच चालते,' असे म्हणून त्याला वाटेला लावणे सोपे आहे. पण त्यापूर्वी गावाने स्वतःला विचारावे, की हे जे असे चालते, ते आमचे मोहरीचे तेल आहे, की आमचा शिळा भात? तेल असेल, तर हसतमुखाने समजावून सांगावे. भात असेल, तर तो फेकून ताजा शिजवावा. पाहुण्याच्या तोंडून आपली चूक कळली, याचा विषाद मानू नये. घरच्या माणसांना जो वास सवयीने येईनासा झालेला असतो, तो उंबरठ्यावर पाऊल ठेवताच पाहुण्याला येतो.